पाण्याचा वार सोडून

भिवंडीहून बहिणीची दोघं आली.
श्रावंती अकराची, वंशी सातचा,
मी छत्तीसचा
आणि पारा त्रेचाळीसचा,
घरात सगळ्यात थोरला तोच.

मी आल्याआल्या सांगून टाकलं,
कुठंही जाऊ, पाण्याचा वार सोडून.
नळ चार दिवसांनी येतो.
त्या दिवशी घागरी, पिंप, परात, तेलाचे डबे,
अगदी माझं गाडीचं हेल्मेटसुद्धा भरून ठेवावं लागतं.
(हेल्मेटचं खोटं होतं. वंशीला पटलं.)

पहिल्या दिवशी किल्ला, सातच्या आत,
दगड तापायच्या आधी.
बुरुजावरून वंशीला तलाव दिसला,
मधोमध देऊळ,
म्हणाला, मामा, देवाला रोज एवढं पाणी?
हळू बोल, म्हटलं,
महापालिका ऐकेल.

परतताना साडेदहालाच डांबर मऊ.
श्रावंतीची चप्पल नवी पेठेत रस्त्याला चिकटली,
ती पुढं, चप्पल मागं.
समोर एटीएम होतं.
काचेचं दार ढकलून तिघंही आत.
बॅलन्स बघितला.
पुन्हा बघितला.
दोनशे अठराच होते,
पण थंडगार.
बाहेरून वॉचमन म्हणाला,
"स्टेटमेंट पण घ्या की हो, सावकाश निघतंय ते."

दुसऱ्या दिवशी बस.
कुठली? जी आधी येईल ती.
पाटी वाचायची नाही, असं ठरलं होतं.
"तीन द्या, शेवटपर्यंत."
"शेवटपर्यंत म्हंजे कुठं?"
"तुम्ही थांबता तिथं."
कंडक्टर माझ्याकडं बघत राहिला,
मग काही न बोलता
वंशीचं अर्धं तिकीट जरा हळूच फाडलं.

बंद मिलची चिमणी गेली.
विडीच्या कारखान्यापुढं
डोक्यावर सूप उपडं धरून उभ्या बायका गेल्या.
घरं विरळ झाली, मग वीटभट्टी, मग बाभळी,
मग बसलाच जायला काही उरलं नाही.

शेवटचा स्टॉप :
एक लिंब,
एक टपरी, बंद,
आणि कलिंगडांच्या ढिगाशी मल्लम्मा.
तिनं कानडीत भाव सांगितला,
मी तेलुगूत घासाघीस केली,
वंशीनं भिवंडीच्या हिंदीत मध्ये तोंड घातलं,
शेवटी तीच मराठीत म्हणाली,
"घ्या की, पोरं हायत."
आणि गुडघ्यावर आपटून फळ फोडलं.

ड्रायव्हर, कंडक्टर, आम्ही तिघं
लिंबाच्या सावलीत ओळीनं बसलो.
माझ्या कानात एरवी दिवसभर मागाची खटखट,
कारखाना सुटला तरी सुटत नाही.
तिथं आवाज होता तो फक्त
बी लांब थुंकण्याचा.
श्रावंती जिंकली.
ड्रायव्हर दुसरा आला, त्याला ते लागलं थोडं.

वंशीला त्यानं सीटवर बसवलं.
पाय पोचत नव्हते, हात पोचले.
हॉर्न वाजला, बसखालून एक शेळी उठून गेली.
पाच मिनिटांत त्यानं बस भिवंडीला नेली,
आईला भेटला,
आणि परत आणून लावली
लिंबाखाली, होती तिथंच.
उतरताना कुणाशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी कुठंच नाही.
दिवसभर फरशीवर पालथे पडून
आम्ही फरशीची थंड जागा शोधत सरकलो.
रात्री गच्चीवर.
चादर भिजवून पिळून अंगावर घेतली,
मीच विणलेली, सेकंडातली,
म्हणून घरात आलेली.
हिच्यात एक मोर उलटा आहे, म्हटलं, शोधा.
टॉर्च घेऊन बसली दोघं.
स्टेशनाकडून शिट्टी आली, एक मालगाडी गेली,
मोर काही सापडेना.
"मामा, खरंच आहे का?"
मला खात्री होती.
आता नव्हती.

झोप कधी लागली कळलं नाही.
अंधारातच खालून येमुलकाकूंची हाक,
"नीळ्ळू वच्चिनय! पाणी आलं रे, पाणी!"
गल्लीभर भांडी वाजली.
मी पिंपाकडं, श्रावंती घागरीकडं,
आणि वंशी, डोळे अजून मिटलेले,
जिन्यावरून धावत खाली,
दोन्ही हातांत
माझं हेल्मेट.